छायाचित्रकाराचा प्रेक्षक कोणाच्या मालकीचा?

(बीड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्या काळी त्या राज्यातील सर्वांत नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांना प्रेक्षक शोधत हिंडावे लागले नाही. सहावा निजाम, त्याचे उमराव आणि इंग्रज अधिकारी हाच त्यांचा मुख्य आश्रय होता. पुढे दरबार गेला. लग्नघर आले, वृत्तपत्र आले आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलकही आले. आज केज, धारूर किंवा माजलगावच्या बाजारपेठेतला होतकरू छायाचित्रकार इन्स्टाग्रामवर प्रेक्षक जमवू पाहतो. ही धडपड थिल्लर म्हणून झटकून टाकण्याची सवय पुरोगामी वर्तुळांत आहे. ती बरी नव्हे. हाही श्रमाचाच प्रश्न आहे.

इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने ते सुमारे १०० कोटी डॉलरना घेण्याचा सौदा जाहीर केला, तेव्हा तेथे अवघी तेराएक माणसे नोकरीस होती. तेरा माणसांच्या कष्टांतून एवढे मूल्य निर्माण होत नसते. कोट्यवधी लोकांनी फुकट दिलेली छायाचित्रे आणि ती पाहणाऱ्यांचे लक्ष, हेच खरे भांडवल होते. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते की, माहितीचा सुकाळ झाला म्हणजे लक्षाचा दुष्काळ पडतो. आणि दुष्काळात टँकर ज्याच्या हाती त्याचीच सत्ता चालते, हे बीडच्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. २०१६ पर्यंत इन्स्टाग्रामवर छायाचित्रे काळाच्या क्रमाने दिसत. त्यानंतर कोणते चित्र कोणास दाखवावे हे कंपनीचे गणित ठरवू लागले. चित्र पुढे सरकवायचे तर पैसे भरा, ही सोय आहेच.

त्याहून मोठा धडा २०२० सालचा. २९ जून रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. भारतात त्याचे वापरकर्ते सुमारे २० कोटी होते. बंदीच्या गुणावगुणांची चर्चा येथे नको. परंतु खेड्यापाड्यांतील पोरापोरींनी तेथे जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला, आणि जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणून ती रिकामी जागा धरली. कुळाने जमीन कसावी, बांधबंदिस्ती करावी आणि एके सकाळी जमीनच जावी, तसला हा प्रकार. म्हणून ज्यांना काम आवडले त्यांची नावे व फोन क्रमांक छायाचित्रकाराच्या स्वतःच्या वहीत असले पाहिजेत. (विकत मिळणारे फॉलोअर म्हणजे तर बोगस मतदारयादी, तिचा उपयोग काय होतो हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे!)

आता चित्रांविषयी. अलीकडे बीडची कोणती छायाचित्रे राज्यभर पाहिली गेली? मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यांच्या छळाची, दोषारोपपत्रातील छायाचित्रे ३ मार्च २०२५ रोजी घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा झाला. चित्राची शक्ती त्यातून दिसली. पण ज्या घरातला माणूस गेला त्या घराच्या वाट्यालाही ती चित्रे आली. प्रेक्षकवाढीचे यंत्र हा भेद जाणत नाही. भेगाळलेले तळे, हातात पिस्तूल घेतलेला तरुण, रडणारी म्हातारी, यांवर डोळा खिळतो एवढेच त्याला कळते. अशा चित्रांनी आकडे वाढतात, परंतु बीडचे म्हणून जे जे दाखवले जाते ते दरवर्षी तेच ते होत जाते.

वस्तुतः जिल्ह्यातील छायाचित्रकाराला हक्काचा असा एक प्रेक्षकवर्ग आहे आणि त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. दिवाळीच्या आगेमागे लाखो ऊसतोड कामगार मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. कोपीवर रात्री मोबाइल असतो, आणि गाव पाच-सहा महिने डोळ्यांआड झालेले असते. आजीपाशी ठेवलेली मुले, शाळेचे स्नेहसंमेलन, विहिरीचे पाणी कुठवर आहे, देवळाचे काम कुठवर आले, हे कोणी आठवड्यातून दोनदा नेमाने दाखवले, खाली गाव, तारीख आणि माणसांची नावे शुद्ध मराठीत लिहिली, तर त्याला प्रेक्षक शोधावा लागणार नाही. पुण्या-मुंबईची कौतुकाची बोटे मागून येतील; न आली तरी बिघडत नाही.

मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढणारे सुधारक ओलवे यांनी एकाच कष्टकरी समूहाकडे वर्षानुवर्षे पाहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे गौण. एक विषय न सोडण्याचा हा चिवटपणा कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक टिकतो.

संमतीचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. २०१९ साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. पुढे चौकशी समितीच्या पाहणीत अशा स्त्रियांची संख्या तेरा हजारांवर भरली. त्या काळात आलेल्या कॅमेऱ्यांपुढे किती जणींना ‘चेहरा दाखवू का?’ असे कोणी विचारले असेल? विचारायला दोन मिनिटे लागतात. नकार आला तर हातांचे, कोयत्याचे, पाठमोरे चित्र घेता येते.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. तोवर बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. हंगामभरातली वीस-पंचवीस छायाचित्रे छापून त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर लावावीत, खाली वही व पेन ठेवावे. त्यासाठी लागणारा कागद, दोरी आणि चार चिमटे यांची सोय तालुक्याच्या शाखेने करण्यास हरकत नाही.