तुरुंगातील छायाचित्र आणि सक्तीचा धर्म



धर्मांतर म्हणजे काय, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. परंतु धर्मांतराचे सोंग कसे उभे केले जाते, हे स्पेन देशातील स्त्रीबंदिवानांच्या इतिहासावरून पाहण्यासारखे आहे.

माद्रिद येथील व्हेंतास हा स्त्रियांचा तुरुंग प्रजासत्ताकाच्या काळात, १९३३ साली उघडला. बंदिवान स्त्रीस माणुसकीने वागविले जावे, या हेतूने व्हिक्टोरिया केंत या विदुषीने तो योजिला होता. जागा सुमारे पाचशे जणींची. १९३९ साली जनरल फ्रँकोची हुकूमशाही प्रस्थापित झाली आणि तेथे हजारो स्त्रिया कोंबण्यात आल्या. एकीसाठी बांधलेल्या कोठडीत दहा-बारा जणी. जिन्यांवर व बोळांतही अंथरुणे. पाणी अपुरे, अन्न निकृष्ट. तान्ही मुले आयांच्या डोळ्यांदेखत दगावत. त्याच वर्षी ५ ऑगस्ट रोजी येथील तेरा तरुणींना गोळ्या घालण्यात आल्या.

सरकारने कैद्यांसाठी साप्ताहिक काढले, तेही त्याच वर्षी. नाव 'रेदेन्सियोन', म्हणजे उद्धार! त्याची वर्गणी भरणाऱ्यास नातलगांची जादा भेट मिळे. मग वर्गणीदारांस काय तोटा? २४ सप्टेंबर हा तुरुंगांच्या संरक्षक देवमातेचा सण. त्या दिवशी बाहेर राहिलेल्या मुलांस आयांजवळ सोडीत आणि छायाचित्रकारही येत. छायाचित्रांतील मूल खरे असे, आईचे हसूही खरे असे. उरलेल्या दिवसांचे छायाचित्र तेवढे कोणी घेत नसे.

मातिल्दे लांदा ही याच तुरुंगात होती. तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. स्वतःस देहान्ताची शिक्षा झाली असता ती इतर जणींच्या दयेचे अर्ज लिहून देई. पुढे शिक्षा कमी होऊन तिला पाल्मा येथील तुरुंगात धाडण्यात आले. तेथे तिने बाप्तिस्मा घ्यावा म्हणून अधिकारी व धर्मसेवक तिच्या मागे लागले. ती वळली, तर सर्वांना दाखविता येईल असा विजय होता. तू मान तुकविलीस तर तुरुंगातील उपाशी मुलांस दूध मिळेल, असा पेच तिच्यापुढे टाकल्याचे तिच्या सोबतिणींनी सांगितले आहे. मुलांची भूक हे कोणत्या धर्मशास्त्रातील प्रमाण म्हणावे?

बाबासाहेबांनी येवल्यास घोषणा केली १९३५ साली. नागपुरास दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षे अभ्यासात आणि आपल्या माणसांशी विचारविनिमय करण्यात गेली. ज्यांना 'नाही' म्हणता येत होते, अशांनीच त्या दिवशी 'होय' म्हटले.

पाल्मा येथील अधिकाऱ्यांस मात्र थांबणे ठाऊक नव्हते. २६ सप्टेंबर १९४२ रोजी मातिल्देने तुरुंगात उंचावरून उडी घेतली. ती शेवटचे श्वास मोजीत असतानाच तिला बाप्तिस्मा देण्यात आला.