पाटीवरचं ‘सहकारी’

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे वेळ आणि हिशोब दोन्ही पाळीन. विषय दिलाय ‘सामान्य माणूस आणि सामाजिक बांधिलकी’. फार मोठा विषय आहे. मी तो आपल्या गेटापर्यंतच आणतो.

गेटावरच्या पाटीवर ‘सहकारी गृहरचना संस्था मर्यादित’ असं लिहिलंय. त्यातलं ‘मर्यादित’ तेवढं आपण फार मनावर घेतलं की काय, अशी मला कधी कधी शंका येते. आंतरराष्ट्रीय सहकार संघाने १९९५ साली सहकाराची सात तत्त्वं नव्याने मांडली. त्यातलं सातवं आहे समाजाविषयी आस्था. संस्थेने सभासदांचं हित तर बघावंच, पण भोवतालच्या समाजाच्या शाश्वत विकासासाठीही काम करावं, असा त्याचा अर्थ.

आता मुद्द्यावर येतो. पुढच्या महिन्यात आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. कचऱ्याचं काम एका ठेकेदाराला द्यावं, असा प्रस्ताव आलाय. घरटी महिना वीस रुपये वाचतील आणि गाडी झाकलेली येईल. ऐकायला छान आहे. पण कोटेशन शेवटपर्यंत वाचायची माझी जुनी खोड! तळाला एक ओळ आहे : ‘सुका कचरा ठेकेदाराच्या मालकीचा राहील.’

या एका ओळीत आपल्या दोघी मावशींची अर्धी चूल जाते. त्यांना घरटी शुल्क मिळतं ते वेगळं. पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, पत्रा निवडून भंगारवाल्याला विकायचा, ती त्यांची दुसरी कमाई. तोच माल पुन्हा कारखान्यात जातो. पर्यावरणाचं काम आपण भाषणात करतो, त्या रोज पाठीवर वाहून करतात.

या बायकांना पूर्वी लोक चोर समजून हाकलत असत. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरावेचकांना ओळखपत्रं मिळू लागली. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला आणि दारोदार कचरा गोळा करणं हे रीतसर काम ठरलं. म्हणजे बघा, त्याही सहकारी, आपणही सहकारी!

मावशी खाडे करतात, अशी तक्रार आहे. खरी आहे. मग बदली माणूस पाठवा म्हणून त्यांच्या संस्थेला पत्र लिहू. मी ड्राफ्ट करून देतो. त्यासाठी कुणाची रोजीरोटी काढायला नको.

आपल्याकडूनही थोडं व्हायला हवं. २०१६ च्या नियमांनीच ओला, सुका आणि घरगुती घातक, असा कचरा वेगळा द्यायला सांगितलं होतं. आपल्या बी विंगच्या डब्यात परवा वरणभातात फुटलेला ग्लास होता. (कुणाचा ते विचारत नाही, उगाच भांडणं नकोत.) तिथे हात मावशी घालतात. फुटकी काच वेगळ्या कागदात बांधा. सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. घरातल्या पुरुषांनीही हे शिकून घ्यायला हरकत नाही.

ओल्या कचऱ्याची गोष्ट त्याहून मोठी आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे आपल्या नाकाला कचरा कळला. आपल्या भाजीची देठं दुसऱ्याच्या विहिरीवर कशाला? पंपहाउसमागे जागा आहे, आवारात वाळलेला पाला ढिगाने पडतो. तोच कचऱ्यात थरथर घालून वरखाली करत राहिलं तर घाण वास येत नाही. वास येतो तो नुसता ओला गोळा हवेवाचून कुजला की. सी विंगमधल्या दोन वहिनी गच्चीवर असं खत करतात. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी आधी त्यांच्याकडे चहाला जावं.

शेवटचं, माझ्या खात्यातलं. बचत खातं असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. सुरक्षा विमा योजना म्हणतात तिला. १८ ते ५० वयोगटासाठी वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमाही आहे, जीवन ज्योती नावाचा. आपल्याकडच्या मावशी, वॉचमन, घरकामाच्या बायका यांच्यापैकी किती जणांनी हे घेतलंय, ते मी गेटावर बसून विचारलं. एकानेही नाही. काहींचं खातं आहे, पण फॉर्म कोण भरणार?

फॉर्म मी आणलेत. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसतोय. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना आधार कार्ड आणि पासबुक घेऊन पाठवा. त्या दिवशी त्यांना सुट्टी द्या, आणि पगार कापू नका. नॉमिनीचं नाव आधीच ठरवून यायला सांगा, तिथेच सगळ्यांचा वेळ जातो.