छतावरची वीज आणि नियमांची चौकट

मराठवाड्याचं ऊन आपल्याला नवं नाही. सोनपेठसारख्या गावात याच उन्हावर घरच्या छतावर वीज तयार करता येते. एक किलोवॅटच्या सौर पॅनेलमधून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट मिळतात. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण तिथूनच वीज घेतो आणि बिल फक्त फरकाचं येतं. हेच नेट मीटरिंग.

ही सोय मात्र नियमांच्या चौकटीत मिळते. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतच सौर जोडण्या देता येत होत्या. 2019 मध्ये ही मर्यादा 70 टक्के झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने आणखी एक अडसर दूर केला: 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही. 5 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीसाठी वितरण यंत्रणा वाढवावी लागली, तर तो खर्च वीज कंपनीचा. शिवाय केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे.

तरी काही अडचणी उरतातच. वीजजोडणी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर अर्ज अडतो. भाडेकरूला तर स्वतःचं छतच नाही. त्याच्यासाठी सामायिक सौर प्रकल्पाची वाट सोपी व्हायलाच हवी.

म्हणून श्रोतेहो, आधी बिलावरचं नाव आणि मंजूर भार तपासा, अर्ज सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरच करा आणि पोच जपून ठेवा.