आधी चट्टा दाखवा, मग ट्यूब

‘बाळाला गजकर्ण झालंय, कोणती ट्यूब लावू?’ चाकण परिसरातून येणाऱ्या पत्रांत हाच प्रश्न असतो. ट्यूब लावायची हे ठरलेलंच. झालंय काय, हे कुणी तपासलेलं नसतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. ते खाज आणि लाली दाबतं, म्हणून दोन दिवसांत गुण आल्यासारखा वाटतो. बुरशी मात्र त्याच्या आडोशाने फोफावते. चट्टा पसरतो, त्याची कडा पुसट होते, आणि मग डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही.

मोठ्यांना चालतं ते बाळाला का नको? कारण वजनाच्या मानाने बाळाची त्वचा फार पसरलेली असते, त्यामुळे औषध अंगात जास्त मुरतं. जांघेत, डायपरखाली तर आणखीच. क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड महिनोन्महिने चोपडलं तर त्वचा पातळ होते, चेहरा गोल सुजतो, वाढ खुंटू शकते. आणि अशी ट्यूब लावणारे थोडेथोडके नाहीत: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारींच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्यांनीच सुचवलेलं. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ‘मागच्या वेळचीच द्या’ म्हणत आपण काउंटरवर उभे! अहो, गाडीत कुठलं ऑइल घालायचं हे चार जणांना विचारता, आणि लेकराच्या अंगाला शेजारणीची उरलेली ट्यूब?

‘डॉक्टरही स्टेरॉइड देतातच की.’ देतात; एक्झिमाला ते लागतं. पण सौम्य, मोजकं आणि ठरलेल्या दिवसांपुरतं. ‘शिफ्ट बुडते, दवाखान्यात कधी जाणार?’ अडचण खरी आहे. पण एका खोलीत पाच-सहा जण, एकच पांघरूण, अशा घरात बाळाची खाज पुष्कळदा खरजेची निघते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुळ्या, तान्ह्याच्या तळहाता-तळपायांवरही. खरजेला स्टेरॉइड लावत बसलात तर घरातल्या सगळ्यांच्याच शिफ्ट बुडतील. खरजेचं औषध खोलीतल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं, खाजत नसली तरी. कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. खरजेचे किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते, तेवढ्यासाठी पुन्हा ट्यूब आणू नका. कडुनिंबाचं पाणी, हळद यांनी खरूज जात नाही, एवढंच सांगतो.

आणि स्टेरॉइडची ट्यूब महिनाभर लावत असाल, तर आज ऐकून उद्या एकदम बंद करू नका. तीच ट्यूब पिशवीत घाला आणि बाळासोबत डॉक्टरांकडे न्या.