चेंबरचे झाकण उघडल्याशिवाय इसार देऊ नका

(पुण्यात कोंढवा येथे घरखरेदीविषयी झालेल्या बैठकीतील भाषण)



माझ्या आधी वकीलसाहेब बोलले. सातबारा, इंडेक्स टू, भोगवटा पत्र, बोजा, सगळे त्यांनी समजावून सांगितले. मी कागदाचा माणूस नाही. परवानाधारक प्लंबर आहे, सत्तावीस वर्षे जमिनीखालच्या पाइपांचे काम करतो. त्यामुळे मी घाणीबद्दलच बोलणार. आपा-खाला मंडळी, चहाच्या आधी हा विषय काढतोय, माफ करा.

आपण घर बघायला जातो तेव्हा काय बघतो? हॉल केवढा, ऊन येते का, मशीद-शाळा किती लांब, पाणी किती वेळ येते. पाणी येते का हे प्रत्येक जण विचारतो. तेच पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते, हे विचारणारा मला शंभरात एखादा भेटतो. आणि आपल्या बहुतेकांकडे दुसरे घर घ्यायची ऐपत नसते. आखातातली दहा-बारा वर्षे, बायकोचे दागिने, गावाकडची जमीन, सगळे त्या एका फ्लॅटमध्ये जाते. चुकले तर तिथेच राहावे लागते.

एक प्रकरण सांगतो. माणसांची नावे आणि वस्ती सांगणार नाही. सौदीत गाडी चालवून परत आलेले एक गृहस्थ. आईला जिने चढवत नाहीत म्हणून त्यांना तळमजल्याचा फ्लॅट हवा होता. गुंठेवारीच्या प्लॉटवर तीन मजली इमारत, मागे ओढा, पुढे रस्ता. विकणारा म्हणाला, ड्रेनेज महापालिकेच्या लाइनला जोडलेले आहे. इसार द्यायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला नेले. विकणाऱ्याला ते आवडले नाही. ‘पाइप काय बघायचा, चालू तर आहे,’ असे म्हणाला. तरी परवानगी दिली.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या संडासात मी लाल रंगाचे पाणी ओतले आणि वर बादल्या मारल्या. माझा मुलगा रस्त्यावरच्या मॅनहोलपाशी बॅटरी घेऊन उभा. अर्धा तास गेला, रंग आला नाही. शेजारच्या इमारतींचे पाणी वाहत होते, आमचा रंग मात्र नाही. मग आवारातल्या चेंबरमधून कॅमेरा घातला. लांब लवचीक दांडीच्या टोकाला छोटा कॅमेरा आणि दिवा असतो, आत किती मीटर गेला ते पडद्यावर दिसते आणि सगळे रेकॉर्ड होते. थोड्या अंतरावर पाइप डावीकडे वळला, म्हणजे रस्त्याच्या उलट दिशेला, आणि पुढे कॅमेरा पाण्यात बुडाला. पार्किंगच्या फरशीखाली सेप्टिक टँक होती. तिच्या झाकणावर टाइल्स बसवलेल्या, हवा जायला पाइप नाही. भरली की तिचे पाणी मागच्या ओढ्यात.

आता विचार करा. ओढा चढला की त्या पाइपाचे तोंड पाण्याखाली जाते. मग आतले पाणी बाहेर जात नाही, बाहेरचे आत येते. आणि येते ते सगळ्यात खालच्या मोरीतून, म्हणजे त्या आईच्या न्हाणीघरातून. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते आपण पाहिले आहे. त्या रात्री भिंती पडल्या, माणसे गेली. ओढ्याकाठचे घर घेताना ओढा उन्हाळ्यात बघून उपयोग नाही. नदीकाठी असाल तर पूररेषा नकाशावर बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जमत असेल तर घर पावसाळ्यातच बघा, तेही पाऊस चालू असताना. काही इमारतींत गच्चीचे पावसाचे पाणी थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असते. उन्हाळ्यात काही कळत नाही, जुलैत चेंबर उकळल्यासारखा वर येतो.

त्या टँकबद्दल मला जास्त काळजी वेगळीच होती. झाकणावर टाइल्स. म्हणजे सक्शन गाडीचा पाइप आत घालायला जागा नाही. तुंबल्यावर सोसायटी काय करते? टाइल्स फोडते आणि नाक्यावरून कुणाला तरी पकडून आणते. कुणाला आणते ते इथे सगळ्यांना माहीत आहे. सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. उतरणाऱ्याला वाटते, हवा बरी आहे. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला असे उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस गेला तर कुटुंबाला ३० लाख भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. फ्लॅट विकत घेतला की त्या टँकचेही तुम्ही भागीदार होता. पुढच्या वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘कुणाला तरी बोलवा’ म्हणून हात वर करणाऱ्यांत तुमचाही हात असेल.

त्या गृहस्थांनी तो फ्लॅट घेतला नाही. दोन महिन्यांत दुसऱ्या कुणीतरी घेतला. त्यांना कुणी काही सांगितले असेल असे मला वाटत नाही.

म्हणून विकणाऱ्यांशीही बोलतो. इथे तेही बसले आहेत. मालाचा ऐब सांगून माल विकायचा, हे आपण दादा-परदादांपासून ऐकत आलो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ तेच म्हणते: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा. जमिनीखालचा पाइप साध्या पाहणीत कुणाला दिसतो? पण कोर्टात जाण्यापेक्षा आधी बघून घेणे स्वस्त. रेरात नोंदवलेल्या नव्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामाचा किंवा सेवांचा दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. जुन्या फ्लॅटच्या खरेदीत तसा आधार नाही. म्हणून कॅमेऱ्याची खरी गरज जुन्या घराला.

खर्चाचे म्हणाल तर दलालाला आपण टक्क्याने पैसे देतो. पन्नास लाखांच्या घरावर पुण्यात पुरुषाच्या नावाने सात टक्के मुद्रांक शुल्क धरा, साडेतीन लाख होतात. त्यापुढे तपासणीचा खर्च चिल्लर आहे. फक्त रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवा आणि तपासणारा माणूस विकणाऱ्याने किंवा दलालाने दिलेला नको.

कॅमेऱ्याआधी तुम्ही स्वतःही पुष्कळ बघू शकता. सगळ्या मोऱ्या आणि संडास एकाच वेळी सोडा आणि तळमजल्याच्या जाळीतून बुडबुडे येतात का ते बघा. बंद असलेल्या घरात शिरल्याबरोबर वास आला तर घाबरू नका, जाळीखालच्या ट्रॅपमधले पाणी सुकलेले असेल. पाणी ओतूनही तासाभराने वास राहिला तर मात्र शंका घ्या. खाली हॉटेल किंवा शादीखाना असेल तर त्यांच्या किचनला चरबी अडवणारी टाकी आहे का विचारा. बिर्याणीचे तूप-तेल गरम असताना पाइपात जाते, पुढे थंड होऊन मेणासारखे बसते. चेंबरजवळ पिंपळ किंवा उंबर असेल तर जुन्या चिनीमातीच्या पाइपाच्या सांध्यातून मुळे आत गेलेली असतात, ती मी वेणीसारखी ओढून काढली आहेत. पाण्याची जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचा चेंबर शेजारी-शेजारी असतील तर दुसरे काही बघूच नका, आधी ते बघा.

आणि उतार. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक, असा आमच्या उस्तादांचा हिशोब होता. मध्येच पाइप खचला की पोटात पाणी साचते आणि गाळ बसतो. ते ओळखायला एका चेंबरमध्ये बॅटरी धरायची आणि दुसऱ्यात आरसा. पाइप सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल उजेड दिसतो. अर्धा चंद्र दिसला तर पाइप बसला आहे. झाकण उघडल्यावर थोडा वेळ लांब उभे राहा, बिडी-सिगारेट पेटवू नका, आणि आत कुणी उतरायचे नाही.

या हॉलच्या मागे दोन चेंबर आहेत, व्यवस्थापकांना मी विचारून ठेवले आहे. आरसा आणि बॅटरी पिशवीत आहे. चहा झाला की ज्यांना बघायचे त्यांनी मागच्या दाराने या. ज्यांचा इसार याच आठवड्यात द्यायचा आहे, त्यांनी आधी या.