कथलावर तरंगणारी काच



मुरुम गावच्या बाजारपेठेत दुकानांना सपाट, नितळ काचा दिसतात ना?

त्या बहुतेक कथलावर तरंगून आलेल्या असतात.

हो, कथलावर!

वितळलेल्या कथलावर वितळलेली काच ओततात.

काच हलकी.
ती तरंगते... आपोआप सपाट पसरते.

घासायला नको, पॉलिश नको.

ही युक्ती इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीची.

पिल्किंग्टनहून जुनी कंपनी म्हणजे फ्रान्सची सेंट-गोबेन.
१६६५ साली राजाश्रयानं सुरू झालेली.

व्हर्सायच्या राजवाड्यातले आरसे तिचेच.
नाव मात्र एका खेड्याचं!

२००० साली तिचा कारखाना चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सुरू झाला.
तिथंही तेच...
कथलावर तरंगणारी काच.

आपल्या चाकणलाही ही कंपनी गाड्यांच्या काचा बनवते.

गाडीच्या काचेचा कोपरा जरूर पाहा.
बनवणाऱ्याचं नाव तिथं छापलेलं असतं.