अपंगांच्या घरातील निकृष्ट काम : दोष कुणाचा, उपाय कोणता?

(तंजावूर येथे बांधकाम कामगार व अपंग कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

तंजावूरच्या या भूमीवर घराचा प्रश्न हा नेहमीच वर्गलढ्याचा प्रश्न राहिला आहे. चाळीसच्या दशकात कॉ. बी. श्रीनिवास राव यांनी येथील शेतमजुरांना लाल बावट्याखाली संघटित केले, तेव्हा मजुराच्या झोपडीखालची जागादेखील जमीनदाराचीच होती. २५ डिसेंबर १९६८ रोजी, त्या वेळच्या तंजावूर जिल्ह्यातील किळवेणमणी येथे, मजुरीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांपैकी ४४ जणांना झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. राहत्या जागेची मालकी शेतमजुराला देणारा १९७१ चा कुडियिरुप्पु कायदा हा अशा लढ्यांचे फळ होय.

जागा आपली झाली. तिच्यावर पक्की घरेही उभी राहू लागली. परंतु त्या घरातील अपंग माणसाला स्वतःचा उंबरठा ओलांडता येतो काय? हा प्रश्नही त्याच लढ्याचा भाग आहे.

कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात पाणी शिरू नये म्हणून घराचे जोते उंच घ्यावे लागते. जोते दोन फूट असेल, तर १ : १२ या मान्य प्रमाणानुसार रॅम्प २४ फूट लांब हवा. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन तो वळवावा लागतो. कंत्राटदार मात्र सहा फुटांत काम उरकतो. अशा चढावर चाकाची खुर्ची स्वतःच्या बळावर चढत नाही, आणि उतरताना माणसासकट कोसळते. संडासात गुळगुळीत फरशी बसवली जाते. आधाराची दांडी भिंतीत खोल न रोवता गिलाव्यात ठोकली जाते व भार पडताच निखळते. दार इतके अरुंद असते की खुर्ची बाहेरच राहते. कागदोपत्री मात्र काम 'पूर्ण' झालेले असते!

याचा दोष गवंड्याच्या माथी मारणे सोपे आहे. पण त्याच्या हाती आराखडा कोणी दिला होता काय? मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम अशी पैसा झिरपण्याची साखळी असते. तिच्या शेवटी उरतो तो कमी सिमेंटचा माल आणि एका दिवसात उरकायचे दोन दिवसांचे काम. शिवाय परांचीवरून पडून उद्या चाकाच्या खुर्चीवर येणारा माणूस बहुधा हाच गवंडी असतो. म्हणून अपंग आणि बांधकाम कामगार यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा डाव आपण हाणून पाडला पाहिजे.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या ३७ व्या कलमाने गृहयोजनांत पाच टक्के राखीव वाटा दिला आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम रद्द ठरवला व किमान निकष बंधनकारक करण्यास केंद्राला सांगितले. तो निकाल मुख्यतः सार्वजनिक स्थळांविषयी असला, तरी त्याचे तत्त्व घराच्या दारापर्यंत नेणे आपले काम आहे. ग्राहक कायद्यात घरबांधणी ही सेवा मानली जाते; पण मोफत सेवा त्यातून वगळली आहे. म्हणजे पैसे भरणारा तो ग्राहक, आणि योजनेतून रॅम्प मिळालेला तो 'लाभार्थी'. लाभार्थ्याने तक्रार करायची नसते, आभार मानायचे असतात! २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणा असे सुचवले. नाव दिव्य झाले. रॅम्प सहा फुटीच राहिला.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात :

१. काम सुरू करण्यापूर्वी मापे अपंग व्यक्तीसमक्ष घ्यावीत. आराखडा व खर्चाचा तपशील तिच्या भाषेत तिला द्यावा.

२. त्या व्यक्तीने स्वतः वापरून पाहून संमती दिल्याखेरीज अखेरचे बिल मंजूर होऊ नये.

३. निकृष्ट काम कंत्राटदाराने स्वखर्चाने पाडून पुन्हा करावे. त्यासाठी मजुराच्या मजुरीला हात लावू नये.

४. तक्रार तारीख, मापे व छायाचित्रे यांसह लेखी द्यावी : प्रथम गटविकास अधिकाऱ्याकडे, मग जिल्हाधिकारी कचेरीच्या सोमवारच्या तक्रार दिनी आणि तरीही दाद न मिळाल्यास राज्याच्या अपंग आयुक्तांकडे. साक्षीदारांना बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत.

कॉम्रेड्स, एकट्या अपंग माणसाने तक्रार केली तर पुढची मदत बंद होण्याची भीती त्याला वाटते. ही भीती संघटनाच घालवू शकते. प्रत्येक शाखेने मोजपट्टी आणि पाणसळ घेऊन आपल्या वस्तीतील अशी घरे तपासावीत, आणि बांधकाम कामगार युनियनच्या कुशल गवंड्यांनी या तपासणीत पुढे राहावे. तंजावूर असो वा महाराष्ट्रातील घरकुलांची वस्ती, काम हेच आहे. ज्यांनी झोपडीखालची जमीन झगडून मिळवली, त्यांना घराचे दार मोकळे करून घेणे अशक्य नाही.

लाल सलाम!